लोरेन्झला दिलेला शब्द

माझा नवरा अल्विन एकवीस वर्षं कोर्नबाखच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष होता. ते पद त्यानं मागून घेतलेलं नव्हतं आणि ते सोडायचं कसं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

१९९८ च्या फेब्रुवारीत लोरेन्झ झाइटलर इस्पितळात होते. वय सत्तर, न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. ज्यांना भेटायचं असेल त्यांनी भेटून घ्यावं, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला सांगितलं होतं. लोरेन्झ तेव्हा बत्तीस वर्षांपासूनचे अध्यक्ष. अल्विन उपाध्यक्ष, म्हणजे सभेआधी खुर्च्या मांडणारा आणि सभेनंतर उचलणारा. आम्ही दोघं गेलो. लोरेन्झच्या तोंडावर मास्क होता. अल्विनला पाहून त्यांनी तो खाली ओढला.

"अल्विन, क्लबचं बघ..." एवढं म्हणाले आणि खोकल्याची उबळ आली. थांबेचना.

अल्विननं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "काळजी करू नका, लोरेन्झ. मी आहे तोवर क्लब बंद पडणार नाही. शब्द देतो."

लोरेन्झ त्याच्याकडे बघत राहिले. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. मग नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. गाडीत बसल्यावर अल्विन स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. त्याचे वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले होते. त्याला खेळायला शिकवलं ते लोरेन्झनी.

तीन आठवड्यांनी लोरेन्झ चालत घरी आले. एप्रिलमध्ये ब्लँकेट पांघरून मैदानाकडेच्या बाकावर बसलेले दिसले. अध्यक्षपद मात्र त्यांनी परत घेतलं नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. त्यानंतर दर रविवारी ते त्याच बाकावर आणि अल्विन त्यांच्यासमोर, शब्द पाळत.

क्लब चालवण्यासारखा उरला नव्हता, हे तेव्हाही दिसत होतं. गावातला चिनी मातीचा कारखाना दोन वर्षांपूर्वीच बंद झाला होता. मी तिथे बावीस वर्षं ताटांच्या कडा रंगवल्या. कारखाना गेला तशी तरुण मंडळी न्यूरेंबर्ग, रेगेन्सबुर्ग अशी पांगली. आमची मुलगी आंकेही गेली. २००९ मध्ये आमची अकरा माणसं भरेनात, म्हणून शेजारच्या टीरबाखबरोबर एकत्र संघ केला. ज्या टीरबाखला ऐंशी वर्षं शिव्या घातल्या, त्यांच्याबरोबर. म्हातारे लोक मैदानाच्या कडेला तोंड मिटून उभे राहायचे, कारण कुणाच्या नावानं ओरडायचं ते कळत नव्हतं. २०१५ मध्ये तोही संघ स्पर्धेतून काढून घेतला. उरला तो हाइड्रुनचा गुरुवारचा व्यायामवर्ग, बारा बायकांचा, सगळ्या साठीच्या पुढच्या. आणि गवत. एप्रिल ते ऑक्टोबर, दर आठवड्याला अल्विन कापायचा ते गवत.

"हे कापतोस कुणासाठी?" मी विचारायचे.

"वाढलेलं बरं दिसत नाही."

"कुणाला?"

तो मशीन सुरू करायचा. मैदानासमोरच्या दुसऱ्या घराच्या वरच्या मजल्यावर लोरेन्झची खिडकी होती.

२०१८ च्या नोव्हेंबरात गोलच्या मागची उंच जाळी वाऱ्यानं सुटली. अल्विन अडुसष्ट वर्षांचा, एकटाच शिडी घेऊन गेला आणि पडला. दोन बरगड्या मोडल्या. चाळीस मिनिटं ओल्या गवतात पडून होता. गुरुवार होता म्हणून वाचला. हाइड्रुन वर्गासाठी दार उघडायला आली तेव्हा तिला दिसला.

इस्पितळात मी त्याच्या उशाशी बसले. मला राग आवरत नव्हता. "तीन वर्षांत त्या गोलमध्ये एक चेंडू गेला नाही, अल्विन. चेंडू नाही तर जाळी कशाला?"

"फडफडत होती," तो म्हणाला. बोलताना दुखत होतं त्याला. "लोरेन्झना दिसत असेल."

"दोन वर्षं झाली, दुसरा अध्यक्ष शोधतोयस. किती जणांना विचारलंस?"

"एकोणीस."

"आणि?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाला, "मार्चच्या सभेत विसर्जनाचा ठराव ठेवू." ह्या वाक्याची मी किती वर्षं वाट बघत होते, ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून खिडकीपाशी गेले.

नियम असा होता की हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांश लोकांनी हात वर केले तरच क्लब बंद करता येतो. सभेची सूचना दोन आठवडे आधी टपालानं जायला हवी. आणि अल्विनचं म्हणणं, क्लबचा इतिहास वाचल्याशिवाय ठराव मांडायचा नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्यानं तळघरातून इतिवृत्ताच्या अकरा वह्या आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या. जानेवारीभर दुपारच्या उजेडात मी त्या वाचत होते.

१९२६ मध्ये भट्टीवरच्या कामगारांनी आणि रंगवणाऱ्यांनी क्लब काढला. सपाट जागा अशी गावात नव्हतीच. कारखान्याच्या मागे फुटक्या कपबशांचा ढीग होता, तो त्यांनी फावड्यांनी पसरवून सारखा केला आणि वर माती टाकली. त्यामुळे आमच्या मैदानातून कायम तुकडे वर यायचे. सामन्याआधी दोन्ही संघांनी एका रांगेत चालत तुकडे वेचायचे, अशी पद्धत होती. बाहेरचे संघ कुरकुरायचे. आमच्या प्रत्येक जुन्या खेळाडूच्या गुडघ्यावर पांढरे वण आहेत.

१९३३ मध्ये कामगारांचे क्लब बंद केले गेले, त्यात आमचाही. तीन माणसं येऊन झेंडा, शिक्का आणि दोन चेंडू घेऊन गेली, असं वहीत आहे. पुढची तेरा वर्षं कोरी. १९४६ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्याच्या सहीचा परवाना. मग सरहद्दीपलीकडून हाकलून दिलेले निर्वासित गावात आले, त्यांच्यात सहा जण असे खेळाडू निघाले की १९४९ ला आम्ही आमच्या गटात पहिले आलो. पण गावात कामं नव्हती. ते सहाही शहरांकडे गेले.

आणि मग मला ते पान सापडलं. १४ ऑक्टोबर १९५१. चिटणीस लोरेन्झ झाइटलर, वय तेवीस, अक्षर तिरकं आणि घाईचं. "अकरा माणसं होत नाहीत. क्लब बंद करण्यात येत आहे. हरकत कुणाचीही नाही. सभा पावणेचारला संपली. नंतर सगळे मिळून जंगलात अळंब्या गोळा करायला गेलो. भरपूर मिळाल्या."

मी ते अल्विनला मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघ, त्यांनी स्वतः बंद केला होता. आणि अळंब्या गोळा करायला गेले."

"दोन वर्षांनी परत सुरू झाला ना पण."

"मग? मधली दोन वर्षं कुणी मेलं नाही."

"ते वेगळं होतं," तो म्हणाला. "तेव्हा कुणी कुणाला शब्द दिलेला नव्हता."

सूचनेची पत्रं जाण्याआधी लोरेन्झना तोंडी सांगायला हवं, असं त्यानं ठरवलं. पहिल्यांदा गेला तो भोपळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन परत आला. "सांगितलंस?" "त्यांची मुलगी होती तिथे." दुसऱ्यांदा गेला तेव्हा मोरीचा नळ गळत होता, तो दुरुस्त करून आला. तिसऱ्यांदा दीड तास बसला आणि दोघं लोरेन्झच्या कंबरेबद्दल बोलले. शेवटी पत्रं टपालात पडली. लोरेन्झनाही इतरांसारखंच मिळालं असणार: विषय क्रमांक पाच, क्लबचं विसर्जन.

त्यानंतरचे दोन आठवडे अल्विन पाव आणायला मागच्या रस्त्यानं जायचा, म्हणजे ती खिडकी लागू नये. लोरेन्झकडून एक शब्द नाही. फोन नाही. "बोलत नाहीत म्हणजे दुखावलेत," अल्विन म्हणायचा. जेवण पुढ्यातून ढकलायचा. एकदा मी त्याच्या आवडीचे बटाट्याचे गोळे केले, तेही तसेच राहिले. एकसष्ट वर्षांची ओळख एका कागदानं संपवली, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

१६ मार्चला, शनिवारी दुपारी दोनला सभा होती. कागदावर चौऱ्याहत्तर सभासद, आले एकेचाळीस. इतके लोक क्लबच्या खोलीत मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. बायकांनी केक आणले होते. लोरेन्झ चाकांच्या वॉकरला धरून आले, काळा कोट घालून, आणि पहिल्या रांगेत बसले. अल्विनला त्यांनी मान हलवून नमस्कार केला, इतकंच.

मी इतिहास वाचला. १९५७ चा भाग आला, टीरबाखला तीन शून्यानं हरवून वरच्या गटात गेलो तो, तेव्हा मागे कुणीतरी नाक शिंकरलं. १९५१ चं पान मी वाचलं नाही. अल्विननं नको म्हटलं होतं.

मग विषय पाच. अल्विननं ठराव वाचला. आवाज कोरडा. कुणाला काही बोलायचंय का, विचारलं. ओटमार पुरुकर उठला. त्याचे वडील १९५७ च्या संघात होते, त्या तीन गोलांपैकी दोन त्यांचे. तो स्वतः तीस वर्षांपासून न्यूरेंबर्गला राहतो.

"त्र्याण्णव वर्षांचा क्लब आहे," तो म्हणाला. "आणखी सात वर्षं काढली तर शंभर होतील. सात वर्षं काय जास्त आहेत?"

"काढणार कोण?" हाइड्रुननं बसल्या जागेवरून विचारलं.

"तरुणांना आणा."

"आण ना. तुझे दोघे आहेत की."

"ते हँडबॉल खेळतात."

खोलीत हसू फुटलं. ओटमार लाल झाला. अल्विन म्हणाला, "ओटमार, अध्यक्षपदासाठी मी तुझं नाव सुचवतो."

"माझं अनुमोदन," हाइड्रुन म्हणाली.

"मी दीडशे किलोमीटरवर राहतो, हाइड्रुन."

"मग गवत कापायला शनिवारी पहाटे निघावं लागेल तुला."

आता ओटमारला लागलं. तो खुर्चीची पाठ धरून म्हणाला, "हसा तुम्ही. पण अल्विननं शब्द दिला होता. लोरेन्झ मरणाच्या दारात होते तेव्हा, त्यांचा हात हातात घेऊन. अख्ख्या गावाला माहीत आहे. ते इथे समोर बसलेत आणि हा त्यांच्या तोंडावर क्लब मोडायला निघालाय. लाज वाटायला हवी."

अल्विन समोरच्या कागदाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, मला दिसत होते. मला वाटलं, आता हा कागद फाडेल आणि म्हणेल, ठीक आहे, मी करतो आणखी सात वर्षं. त्याचं तोंड उघडलंही होतं.

"ओटमार," लोरेन्झ म्हणाले. ते उठायला लागले. उठायला त्यांना वेळ लागतो, सगळे थांबले. "मी इस्पितळात काय मागितलं, हे तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे... सगळेच म्हणतात. क्लबचं बघ म्हणालात."

"म्हणालो. आणि पुढे?"

"पुढे तुम्हाला खोकला आला," अल्विन म्हणाला.

"पुढे मला खोकला आला." लोरेन्झ त्याच्याकडे वळले. "मला म्हणायचं होतं, क्लबचं, बघ, आता काही खरं नाही. कारखाना गेला, पोरं चालली. वेळेवर आटोपता घे, चांगला आहे तोवर. एवढं बोलायला श्वास लागतो, अल्विन. तो माझ्यापाशी नव्हता. मी श्वास गोळा करतोय तोवर तू माझा हात धरलास आणि शब्द देऊन मोकळा झालास. वर रडायला लागलास."

"तुम्हीपण रडत होतात."

"खोकल्यानं डोळ्यांत पाणी येतं, बाबा."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अल्विन खुर्चीत बसला. "मग नंतर का नाही सांगितलंत? एकवीस वर्षं झाली."

"नंतर मी जगलो, तिथे घोटाळा झाला. घरी आलो तर तू मैदानाला नवं कुंपण घातलेलं. हाताला धरून मला दाखवायला घेऊन गेलास. एकेक खांब दाखवलास. म्हटलं, ह्याला एवढी हौस आहे, आपण कशाला मोडता घालायचा? मग येऊन बसायचो रविवारी, तुला एकटं वाटू नये म्हणून. बर्फात बसलोय मी त्या बाकावर. माझी कंबर त्यानंच गेली."

"मी तुमच्यासाठी करत होतो," अल्विन म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल. "मला वाटलं, तुम्ही बघताय."

"बघतच होतो. पण तुला हौस नव्हती?"

अल्विननं खरंखुरं उत्तर शोधलं. ती त्याची सवय आहे. "पहिली चार-पाच वर्षं होती," तो म्हणाला.

लोरेन्झनी अल्विनकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता यायचं नाही, वाईट वाटणं होतं आणि हसूही होतं. "जाळी बांधताना पडलास ते मला खिडकीतून दिसलं नाही," ते म्हणाले. "दुपारी झोपतो मी. नंतर कळलं. तेव्हाच यायला हवं होतं तुझ्याकडे. पण वाटलं, आपण क्लब बंद कर म्हणालो तर ह्याच्या बरगड्यांबरोबर मनही मोडेल."

"अरे देवा," हाइड्रुन म्हणाली. "आणि तुम्हा दोघांच्या मध्ये आम्ही बारा जणी त्या गळक्या छताखाली हातपाय हलवत होतो."

आता मात्र सगळी खोली हसली. अल्विनही हसला, बरगड्यांवर हात ठेवून. हसताना त्याचे खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर चढलेले होते हे मला तोवर कळलंच नव्हतं. त्याच्याबरोबर रोज राहून.

"ठराव मी मांडतो," लोरेन्झ म्हणाले. "गेर्लिंडे, लिहून घे. अध्यक्षाला स्वतःच्या हातानं हे करायला लागू नये."

मी लिहिलं. चाळीस हात वर झाले. अल्विनचा सगळ्यांत शेवटी, पण सरळ. विरोधात एक, ओटमार. "वडिलांसाठी," तो म्हणाला, आणि कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. मी वहीत वेळ लिहिली: तीन वाजून दहा मिनिटं. मग सगळे केकवर तुटून पडले.

ओटमार भिंतीपाशी १९५७ च्या फोटोसमोर उभा होता. डोळे पुसत होता. लोरेन्झ त्याच्याजवळ गेले. "तो खिळ्यावरून काढ आणि गाडीत ठेव," ते म्हणाले. "तुझ्या बापाचा आहे. ह्या दमट भिंतीवर आणखी दोन वर्षांत बुरशी लागेल." ओटमारनं फोटो काढून छातीशी धरला. नंतर खुर्च्या उचलायला तोच थांबला, अल्विनला एकही उचलू दिली नाही.

पुढच्या गोष्टी सोप्या निघाल्या. गोलचे खांब टीरबाखनं नेले, हाइड्रुनच्या बायका अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गेल्या. तिथे छत गळत नाही आणि गरम पाणीही आहे. मैदान गावाच्या ताब्यात गेलं. तिथे मेंढ्या सोडता येत नाहीत, तुकड्यांनी खूर फाटतात, म्हणून गाव ते नुसतं वाढू देतं. जूनमध्ये गुडघाभर गवतात रानफुलं आली होती. अल्विन कुंपणापाशी उभा राहून बघत होता. मला वाटलं, त्याला वाईट वाटतंय. जवळ गेले तर म्हणाला, "बरं दिसतंय की."

पहिल्या रविवारी तो सातला उठून, बूट घालून बसला होता. मी कॉफी पुढे केली. त्यानं ती प्यायली आणि बूट काढले. मेमध्ये आम्ही समुद्रावर गेलो. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि मेमध्ये आम्ही कधी कुठे गेलो नव्हतो, कारण मेमध्ये हंगामाचे शेवटचे सामने असतात.

लोरेन्झ आता रविवारी दुपारी आमच्याकडे येतात. आधी मला धास्ती होती की ह्या दोघांना क्लब सोडून बोलायला काय असणार. पण पहिल्याच खेपेला लोरेन्झनी त्यांच्या आईचं सांगायला सुरुवात केली, ती भट्टीवर कशी कामाला होती ते, आणि अल्विननं त्याच्या वडिलांचं विचारलं. लोरेन्झना ते चांगले आठवत होते. ते कसे चालायचे, कशाला हसायचे, सगळं. साठ वर्षं ह्या माणसाशेजारी उभं राहून अल्विननं ते कधी विचारलं नव्हतं. ऐकताना तो केकला हात लावायचं विसरला.

क्लबांची नोंद कोर्टात असते, तिथल्या नोंदवहीतून आमच्या क्लबचं नाव निघायला सव्वा वर्ष लागलं. पत्र जुलैमध्ये आलं, आम्ही नाश्त्याला बसलो असताना. अल्विननं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं: नाव कमी करण्यात आलं आहे. त्यानं घडी घालून ते माझ्याकडे दिलं आणि लोरेन्झना फोन लावला.

"आलं," तो म्हणाला.

फोनमधून लोरेन्झचा आवाज मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आला. वय ब्याण्णव, पण आवाज खणखणीत. "बरं झालं. ऐक, आमच्याकडे चेरी पिकल्यात आणि पाखरं सगळ्या खाऊन टाकतायत. गेर्लिंडेला घेऊन ये. टोपल्या तुमच्याच आणा, माझ्या फाटल्यात."

आम्ही दहाच्या सुमारास टोपल्या घेऊन निघालो, पुढच्या रस्त्यानं.